उतरण्याचा सराव

लिफ्टमिस्त्रींच्या बायकोला लिफ्टचं वावडं होतं. लग्नानंतर आठव्याच दिवशी नवरोबांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये ती पाऊण तास अडकली. तेव्हापासून एकतीस वर्षं ती चौथ्या मजल्यावरच्या घरी जिन्यानेच ये-जा करत होती, मग हातात भाजीची पिशवी असो की कडेवर मूल. मिस्त्रींच्या घरातच मिस्त्रींवर भरवसा नाही, असं शेजारी म्हणायचे. मिस्त्री हसण्यावारी न्यायचे खरे, पण आत कुठेतरी त्यांना ते लागायचं.

लग्नानंतरच्या त्याच आठवड्यात त्यांनी तिला एक वचन दिलं होतं. बर्फाच्या खिंडीपलीकडे एक निळं तळं आहे, ते तुला दाखवीन. तीन दिवसांची चाल, आणि चढ असा की धडधाकट माणसाचीही भंबेरी उडावी. आधी मुलगी लहान, मग तिचं शिक्षण, मग आणखी काहीबाही. साठी तोंडावर आली तसे मिस्त्री एकदा जेवताना म्हणाले, "यंदा जाऊ. नाहीतर राहिलंच म्हणायचं."

"बघू," बायको म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी कपाटावरची जुनी पाठपिशवी धुऊन वाळत घातलेली दिसली, तेव्हा मिस्त्री काय ते समजले.

खिंडीत माणसं नेणाऱ्या बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे वशिला चालत नसे. शहराबाहेरची टेकडी चार तासांत चढून उतरून दाखवायची, जोडीने नाव घातलं असेल तर दोघांनी, तरच यादीत नाव.

मिस्त्री तयारीला लागले. ज्यांच्या लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे होती त्या बहुतेक इमारती बारा मजली, आणि लिफ्टची मशीनरूम गच्चीवर. दहा किलोंची हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते जिन्याने वर जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच धाप लागून बसायचे. पाच महिन्यांत बाराच्या बारा मजले न थांबता चढून वर शीळ घालण्याइतका दम उरायला लागला. काम झालं की मात्र लिफ्टनेच खाली. लिफ्टला हात लावला की तिच्यातूनच उतरायचं, दर मजल्याला दार उघडून बघायचं, हा त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला नेम. जो मिस्त्री काम करून जिन्याने खाली येतो त्याच्या कामात खोट आहे, असं उस्तादांचं म्हणणं.

चाचणीच्या दिवशी मिस्त्री सगळ्यांच्या पुढे. माथ्यावर पोचून, घाम पुसून, त्यांनी बायकोची वाट पाहिली. ती वीस मिनिटांनी आली.

"दमलीस का गं?" त्यांनी विचारलं. त्यात काळजी कमी आणि तोरा जास्त होता.

तोरा उतारावर पाव तास टिकला. मग मांड्या थरथरायला लागल्या, गुडघे ऐकेनात, आणि एका दगडापाशी मिस्त्रींनी चक्क बसकण मारली. बायको पुढे निघून गेली असती तर वेळेत पोचली असती. ती मागे वळली.

"हात ठेवा माझ्या खांद्यावर. खाली बघू नका, माझ्याकडे बघा."

दोघं पोचली तेव्हा पाच तास उलटून गेले होते. बाईंनी दोन्ही नावांवर काट मारली.

परतताना बसमध्ये मिस्त्री गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "पाच महिन्यांत मी एकदाही जिना उतरलो नाही."

बायको हसली. "तळं काय पळून जातंय," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ते बघणं मिस्त्रींना सोसवेना. आपली चूक, आणि नाव तिचंही कटलं.

दुसरी आणि शेवटची चाचणी सहा आठवड्यांनी होती. मिस्त्रींनी उस्तादांची मनोमन माफी मागितली आणि लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरायला सुरुवात केली. झालं, इमारतींत कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीच पायी उतरतायत म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे. एका ठिकाणी आठव्या मजल्यावरचे आजोबाही जिन्याने जायला लागले, आणि सेक्रेटरींचा फोन आला.

"लिफ्ट ठणठणीत आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले. "मीच कच्चा आहे."

संध्याकाळी घरच्या जिन्यात बायको शिकवायची. पाऊल लहान टाका. गुडघा ताठ नको. घाई तर अजिबात नको. एकतीस वर्षांचा अनुभव होता तिचा, आणि त्याला आपण इतकी वर्षं भित्रेपणा म्हणून हसलो, हे मिस्त्रींना रोज नव्याने कळत होतं.

दुसऱ्या वेळी ते तिच्या बरोबरीने चढले आणि तिच्या बरोबरीने उतरले. तीन तास पन्नास मिनिटं. बाईंनी दोन नावं पुन्हा लिहिली.

घरी परतल्यावर, आपल्या इमारतीत शिरून बायकोने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला, आणि तशीच थांबली. मग लिफ्टकडे बघून म्हणाली, "ही तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच."

"मग चला."

दार लागलं तसे तिने डोळे गच्च मिटले आणि चाचपडत त्यांचा खांदा धरला.

"दाराकडे बघू नकोस," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडे बघ."

तिने डोळे उघडले. चौथा मजला येईपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि मिस्त्रींना वाटलं, बारा मजले असते तर बरं झालं असतं.

दार सुरळीत उघडलं. बाहेर पडून तिने पदराने कपाळ पुसलं.

"उद्यापासून परत जिनाच हं," ती म्हणाली. "तळं बघायचंय मला."