माटोळीतली संगीन

सुपारीचा घड, एक.

"मेडल? धावण्यात मिळाला असतला." (शेजारचा सगुण, चहाच्या दुकानात.)

कवंडळं, सात. लालभडक रानफळं.

पत्र्याची ट्रंक. तळाशी बनियन. बनियनच्या घडीत सेना पदक.

पेडण्याच्या बाजारातली सुतळी.

चवथीच्या आदल्या दिवशी केरीतल्या घरात शांतारामकाका स्टुलावर उभे होते. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला रानातली फळं-पानं बांधायची, ती माटोळी. बांधतो घरातला थोरला. खालून त्यांची भावजय गंगा एकेक वस्तू वर देत होती. तिचा मुलगा गौरेश, फौजेतून सुट्टीवर आलेला नाईक, सुतळी तोडत होता.

सुपारी दिली. कवंडळं दिली. मग गंगेनं पदक दिलं.

"ह्या काय?"

"बांधा, भावजी."

"आई, ठेव ते ट्रंकेत."

"दोन वर्सां ट्रंकेतच आसा. उद्या अख्खो वाडो पाया पडूक येतलो. एकदा माना वर करून बघूं देत."

काकांनी मान हलवली. "माटोळीक रानातली वस्तू लागता, गंगा. तू सोन्याचा कांकण दिलंस तरी मी बांधूचंय नाय."

गंगा गौरेशकडे वळली. "लढाई खंय झाली?"

"आई, आता..."

"खंय?"

"सीमेवर."

"सीमेवर खंय?"

गौरेशनं सुतळी खाली ठेवली. "रानात."

"आयकलात, भावजी?"

काकांनी स्टुलावरून वाकून ती चांदीची चकती पाहिली. तिच्यावर संगीन होती, टोक वर. मग त्यांनी हात खाली केला.

"दी हंय. रिबिनीक गाठ मारूं?"

"मारा. घट्ट मारा."

चवथ.

माणसं आली, हात जोडले, माना वर गेल्या. दरवर्षीसारखे काका बोट दाखवत नावं सांगत होते. ही कवंडळां. ही सुपारी.

"आणि ह्या आमच्या गौरेशान रानातसून हाडल्यान."

सगुणची मान वर गेली ती खाली येईना. "काय केलंस रे थंय?"

गौरेशनं आईकडे पाहिलं. गंगेनं पदराला हात पुसले आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. त्यानं सांगितलं. पहिल्यांदा, उभ्यानं, काही न गाळता. आरती अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि घुमटं अशी वाजली की माटोळीतली सुपारी हलली.

गौरेशनं पाठीवर घेऊन डोंगर उतरवलेल्या जखमी जवानाचं वजन ब्याऐंशी किलो होतं, आणि गौरेशचं अठ्ठावन्न.