देवपुरातला रांजण

“अजी, रांजण कोरडा पडू देऊ नका. तहानलेल्या माणसानं रिकामा पेला उपडा ठेवला, तर मला कबरीत चैन पडायचं नाही.”

बायकोला, जैनबला जाऊन वर्ष झालं, तरी रांजणाला हात लावला की नूर महंमदला तिचा आवाज ऐकू येई. धुळ्यात, देवपूरच्या रस्त्यावर निंबाखाली त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि शेजारी तिनं मांडलेला रांजण. रोजे असले तरी दोघांनी तो भरला होता. हिवाळ्यात निंब तोडला, दुकान उठलं. तिथे आता विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन होतं. त्याच्या हिरव्या पाटीवर झाडाचं चित्र होतं.

चैत्र लागताच त्यानं रांजण आणून कुंपणाच्या कडेला ठेवला आणि काठोकाठ भरला. स्टेशनचा राखणदार लीलाधर धावत आला.

“चाचा, वेड लागलं का? करंटपाशी पाणी? उचला!”

“कडेलाच तर ठेवलाय, बेटा.”

“साहेबांनी पाहिलं तर मला घरी बसवतील. आणि पिणार कोण? गाडीवाले काचा लावून गार हवेत बसतात.”

“चालणारे येतात ना.”

“तुमच्याशिवाय चालतं कोण आता?”

लीलाधर वाईट नव्हता; एका बाजूनं त्यानंच हात लावला. पण भरला रांजण हलेना. शेवटी नूर महंमदनं तो कलंडवला, सवयीनं निंबाचा बुंधा असायचा तिकडे. तिथे सिमेंट होतं. पाणी रस्त्यावर पसरलं आणि बघता बघता वाळून गेलं.

तेवढ्यात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बेबाबाई आली. यंदाच्या उन्हाळ्यातली तिची ही पहिलीच फेरी.

“निंब कथा गया, भाऊ? बठ्ठं उघडं करी टाकं!” म्हणत, निंबाची जागा शोधत तिनं पेला रांजणात घातला. तो तळाला खडखडला.

नूर महंमदनं रांजणात वाकून पाहिलं.

“ऱ्हाऊ दे भाऊ. पूलना पल्याड पिसू.”

तिनं पेला उपडा ठेवला, पदर पुढे ओढला आणि तशीच तहानलेली पुलाकडे चालू लागली.

चार्जिंगला लावलेल्या गाडीतल्या माणसानं काच जरा खाली केली आणि लगेच वर केली. ऊन आत येत होतं.

नूर महंमदनं मशिदीच्या नळावर किटली भरली, पेला कुर्त्याच्या खिशात घातला. पांझरा नदीच्या पुलावर कुठेच सावली नव्हती. बेबाबाईची पाटी लांब हलताना दिसत होती. एका हातानं गुडघा धरत, किटली हिंदकळू न देता, तो तिच्यामागे निघाला.