धाकटीचे पाय

दोघी जावा एकदमच गरोदर राहिल्या, पण कौतुक मात्र धाकटीचंच. आठव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं, तिला दवाखान्यात ठेवलं आणि अख्खं घर तिच्या खाटेभोवती गोळा झालं. थोरली आपलं सात महिन्यांचं पोट सांभाळत रोज डबा पोचवायची. आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, चपलेत पाय मावत नव्हता. पण बोलायची सोय कुठे होती? "धाकटीचं बघून हिलाही दुखणं सुचलं," असंच म्हणाले असते सगळे.

आजही सासूबाई धाकटीचे पाय चेपत बसल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली, थोरलीच्या पायांना त्यांचा हात कधी लागला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नर्स धाकटीचं बीपी मोजून पट्टा सोडत होती, तेवढ्यात हिने आपला दंड पुढे केला.

"माझंही मोजा की! मी काय सावत्र आहे?"

"आली बरोबरी करायला," सासूबाई पुटपुटल्या.

नर्सने हसत पट्टा बांधला. मग तिचं हसू मावळलं. तिने पुन्हा मोजलं.

"हिच्यापेक्षा जास्त आहे. आडव्या व्हा आधी!" म्हणत ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

धाकटीने घाईने सरकून जागा केली. सासूबाईंनी थोरलीचे पाय मांडीवर घेतले. अंगठ्याने दाबलं तिथे खळगा पडला, तो भरून येईना.

"कधीपासून गं हे?"

"तुम्ही हिचे चेपायला लागलात, त्याच्याही आधीपासून."