बोटं पुसायचा खांब

मी जुन्या कचेरीच्या व्हरांड्यातला सागाचा खांब बोलतोय. लिहून घेतोय मंगळू पॉलिशवाला. त्यानं आठवीतच शाळा सोडली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्द साधे आहेत, ते माझे. लाकडाला याहून चांगलं बोलता येत नाही.

मी पेठच्या जंगलात वाढलो. इंग्रजांच्या काळात बैलगाडीतून नाशकात आलो आणि या दारापाशी उभा राहिलो. माझ्याशेजारी कारकुनाचं टेबल. डोंगरातली माणसं चपला पायरीखाली काढून यायची, कागदावर अंगठा द्यायची. मग शाईचं बोट पुसायचं कशाला? बायका केसांना पुसायच्या, बाप्ये मला. गोरे साहेब गेले, आपले आले, बोटं पुसणं चालूच राहिलं. कमरेपासून छातीपर्यंत मी काळा-जांभळा झालो.

पुढे कचेरी नव्या इमारतीत गेली. व्हरांड्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग, डोक्यावर पारवे. आता इथं संग्रहालय होतंय.

परवा संग्रहालयाच्या तृप्ती मॅडम आल्या.

“मंगळू, हे डाग उद्या घासून काढ. सोमवारी उद्घाटन आहे.”

“हो मॅडम.”

त्या गेल्यावर राडारोडा उचलणारी भागीबाई घमेलं ठेवून जवळ आली.

“डाग म्हनं! आरं, माझ्या बाचा आंगठा हाय ह्यात. जमिनीच्या कागदापायी लय खेपा घातल्या त्यानं. जमीन नाय मिळाली, शाई तेवढी मिळाली.”

“मग मावशी, तूच सांग ना मॅडमला.”

“मी? तुला तोंड नाय का? का त्याला बी पॉलिश मारलंस?”

मंगळू कानापर्यंत लाल झाला.

मलाही नवं दिसायची हौस आहे. पण ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं, त्यांचं इथं एवढंच उरलंय. ते घासलं, की मी नुसता खांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळू सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मॅडम दिसताच उठून म्हणाला, “मॅडम, यात भागीमावशीच्या वडिलांचा अंगठा आहे.” बाकीचं खालच्या पायरीवरूनच भागीबाईनं सांगितलं.

मॅडमनी माझ्यावर हात ठेवला. “राहू दे हे. आणि इथं लावायला याची गोष्ट तूच लिही.”

हाच तो कागद.

त्या दिवशी मॅडम आत गेल्यावर मंगळूनं खाली पाहिलं. भागीबाई चपला काढून उभी होती. तो पायऱ्या उतरला, चपला उचलल्या आणि वर आणून माझ्याशेजारी ठेवल्या.

“घाल मावशी,” तो म्हणाला. “आत जाऊ.”