दोन गाड्यांचा ट्रेलर

धाकट्याला एका जागी उभं राहवेना. उद्या दुपारपर्यंत दोन्ही गाड्या हॉटेलच्या दारात पोचल्या नाहीत, तर हॉटेलमालक पुढचं सगळं काम दुसऱ्या गॅरेजला देणार होता. आणि हे थोरले बंधू ट्रेलर भाड्यानं घ्यायला आलेत की हवा खायला, तेच कळत नव्हतं. दोन जुन्या गाड्या दोघा भावांनी खपून नव्यासारख्या केलेल्या. आता त्या न्यायच्या, एवढंच. त्यात कसलं आलंय डोकं खाजवायला?

"दादा, हा लांबवाला बघ. दोन्ही गाड्या एकामागे एक बसतात, ब्रेकही दणकट आहेत. एका फेरीत मोकळे होऊ."

थोरला छोट्या ट्रेलरपाशीच घुटमळत होता. "हा बरा आहे. एकेक नेऊ."

"जन्मभर तू दोन गाड्यांचेच ट्रेलर ओढलेस. आज काय झालं?"

थोरला खाली वाकला. टायर दाबून बघितला, पट्टा ओढून बघितला, सगळं उगाचच. धाकट्याचं डोकं तापायला लागलं. या माणसाच्या मनातलं बाहेर येईल तर शपथ.

तेवढ्यात ट्रेलर भाड्यानं देणारा यार्डवाला आला. "लांबवाला हवाय? मग जड गाड्यांचं मोठं लायसन्स दाखवा. साध्यावर फक्त तो छोटा मिळेल."

"येताना तर रिकामाच असणार," धाकटा म्हणाला. "तेव्हा मी माझ्या साध्यावर चालवला तर?"

"रिकामा असो नाहीतर भरलेला, ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेलं वजनच धरतात."

"बरं बाबा, दोन्ही वेळा दादाच चालवेल. दादा, काढ लायसन्स."

थोरल्यानं खिशात हात घातला नाही. "जरा आम्ही बोलतो," असं म्हणून त्यानं यार्डवाल्याला वाटेला लावलं आणि मग हळूच म्हणाला, "आरटीओनं मोठं लायसन्स पुढं वाढवून दिलं नाही. डोळे तपासले त्यांनी. डाव्यानं दिसत नाही मला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. साधं अजून चालू आहे. त्याची मुदत संपलेली नाही."

हॉटेल गेलं खड्ड्यात, धाकट्याला आपली पोरगी आठवली. रोज शाळेतून तिला हाच काका आणत होता.

"आणि माझ्या पोरीला तू गाडीत घालून आणतोस?"

"चालत आणतो," थोरला म्हणाला. "डोळ्याचं कळलं त्या दिवसापासून तिला गाडीत बसवलेली नाही."

पोरीला घरी यायला उशीर होतो म्हणून धाकट्यानंच थोरल्याला चारचौघांत झापलं होतं, वाटेत गप्पा छाटत बसतोस म्हणून. तेव्हाही हा गप्पच राहिला होता. धाकट्याला लाज वाटली, पण रागही काही जाईना.

"आणि आत्ता? इथवर आपली गाडी तूच चालवत आलास. मी शेजारी बसलो होतो."

"तू होतास ना डाव्या बाजूला," थोरला म्हणाला.

धाकट्यानं यार्डवाल्याला हाक मारून छोटा ट्रेलर जोडायला सांगितला. "दोन फेऱ्या मारू. सगळी रात्र लागली तरी चालेल," तो थोरल्याला म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला. "गाडीची किल्ली दे."

थोरल्यानं दिली. मग सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला जाऊन त्यानं दार उघडलं, आणि तसाच दाराला धरून उभा राहिला. धाकटा किल्ली घेऊन त्याच्या मागं थांबला. थोरला आपणहून पलीकडं जाऊन बसला, तेव्हाच तो आत शिरला.