फाटकावरचा खोटा मीटर

टिक.

मी ऐकलेला हा पहिला आवाज, आणि तो माझ्याच पोटातून आला होता. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मला बनवणाऱ्या एका बाईंनी माझी शेवटची तार जोडली, कळ दाबली आणि कान माझ्याजवळ आणला. टिक झाल्यावर त्या हसल्या. त्यानंतर माझा आवाज ऐकून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

मी किरणं मोजणारा मीटर बोलतोय. ही किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला कळत नाहीत, पण फार झाली तर माणसाला आतून नासवतात. जेवणाच्या डब्याएवढी माझी पेटी, तिच्यावर एक काटा, आणि वायरीला जोडलेली एक नळी. ती नळी म्हणजे माझा कान. किरणं थोडी असली की मी सावकाश टिकटिकतो, जास्त असली की ओरडतो. दुसरं काही मला येत नाही.

माझी पहिली नोकरी समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात होती. पाळी संपली की कामगार ओळीनं यायचे, हात पुढे करायचे, बूट दाखवायचे. एकदा मी एका माणसाच्या बुटावर ओरडलो. बूट पुसला, धुतला, दुसरा मीटर आणला. तो मीटर ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या खुर्चीवरही ओरडलो. खारी हवा माझ्या वायरीच्या जोडात शिरली होती. पण तोवर सगळे त्या माणसापासून लांब सरकून बसायला लागले होते, आणि मग तसेच माझ्यापासूनही. साहेबांनी माझ्या गळ्यात ‘नादुरुस्त’ अशी लाल चिठ्ठी बांधली.

पुढे वायर बदलली, तपासणी झाली, मी बरा झालो. चिठ्ठी काढली, पण तिचा दोरा पेटीच्या मुठीला तसाच राहिला. नवा माणूस आला की आधी तो दोरा बघतो आणि मग माझा काटा.

तिथून हात बदलत मी जालन्याला आलो. इथं भट्टीत भंगार वितळवून सळया करतात. भंगारात कधी कधी एखाद्या जुन्या यंत्राचा किरणं टाकणारा तुकडा येतो. तो आत गेला तर माणसं आजारी पडतील आणि सगळा माल नासेल, म्हणून मला फाटकावरच्या चौकीत टांगलं. राखणदार पुंजाराम, वाटूरकडचा, पांढऱ्या मिशांचा. तो मला रोज फडक्यानं पुसायचा.

माझ्याबरोबर एक छोटी गोल चकती आली होती. तिच्यात अगदी कणभर किरणं, कुणाला बाधू नयेत इतकीच. सकाळी ती माझ्या नळीला लावायची, मी नीट टिकटिकलो तर माझी तब्येत ठीक, आणि मग ती लांब नेऊन ठेवायची. बसवायला आलेल्या माणसानं हे घाईघाईत सांगितलं आणि तो गेला.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात वजनकाट्याची पूजा झाली, वेल्डिंगच्या मशीनची झाली, गाड्यांना हार घातले. पुंजारामनं मलाही पाटावर मांडून कुंकू लावलं. त्या चकतीकडे बघून तो म्हणाला की हा याचा टाक दिसतो, याचा देव. घरी देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात तशीच ती दिसायची. त्यानं ती चौकीतल्या फळीवर, देवीच्या तसबिरीपाशी ठेवली. त्या फळीच्या बरोबर खाली माझी खुंटी.

तेव्हापासून दिवसभर माझ्या कानात ती चकती बोलायला लागली. मी टिकटिक करायचो, काटा वरच असायचा. गाडी आली तरी तेच, नसली तरी तेच. सुपरवायझर गिरिधर साहेब म्हणायचे की यंत्र मुळातच सडकं आलंय. त्यांना पुंजारामवरही संशय होता की यानंच काहीतरी पिळलं असेल. पुंजारामला वाटायचं की साहेबांनी दोरा बघूनही मला मुद्दाम आणलं. शेवटी साहेबांनी माझ्या भोंग्यात कापसाचा बोळा कोंबला. मग मी घशातल्या घशात ओरडत राहिलो.

परवा दुपारी कल्याणची गाडी आली. कल्याण बदनापूरचा, बंदराकडच्या गोदामातून भंगार आणतो. ती गाडी खाली करायला आत बाया थांबल्या होत्या. त्यांत पुंजारामची सून बेबीनंदा. ती दोन जिवांची आहे हे तिनं मुकादमापासून लपवलंय, पण सासऱ्याला ठाऊक आहे.

एरवी मी खुंटीवरूनच गाड्या ऐकायचो; त्या दिवशी सुनेच्या काळजीनं पुंजाराम मला घेऊन गाडीभोवती फिरला. चौकीपासून लांब गेल्यावर मी शांत झालो. आणि मागच्या कोपऱ्यापाशी माझा काटा पार टोकाला गेला. बोळ्यातूनही आवाज फुटला.

“काका, तुमच्या मशीनला भूक लागली वाटतं,” कल्याण म्हणाला.

पुंजाराम हसला नाही. त्यानं मला चौकीत नेलं, तिथंही मी ओरडत होतो. कोण खोटं, हे त्याला कळेना. मग गावात भांडण मिटत नाही तेव्हा माणसं देव उचलून शपथ घ्यायला लावतात, तेच त्यानं केलं. फळीवरची चकती घेतली आणि कल्याणपुढे धरली.

“हा देव उचल. अन् सांग, मालात काही न्हाई.”

कल्याणनं चपला काढल्या, चकती कपाळाला लावली. म्हणाला, “मला काहीबी माहीत न्हाई, काका. गोदामवाल्यानं भरलं, मी आणलं.” आणि ती मुठीत धरून तो बोलत बोलत रस्त्यापलीकडे बाभळीखाली जाऊन बसला.

चौकीत मी गप्प झालो.

पुंजारामनं काटा खाली आलेला पाहिला. मग तो मला घेऊन बाभळीखाली गेला. कल्याणच्या मुठीपाशी मी टिकटिकलो. तिथून गाडीच्या कोपऱ्याकडे आला, आणि मी ओरडलो, चकतीसाठी कधी ओरडलो नव्हतो इतका. त्यानं बोळा उपसून फेकून दिला.

गिरिधर साहेब धावत आले. भट्टी तापली आहे, या खोट्या यंत्रापायी गाडी अडवायची नाही, असं म्हणाले. पुंजारामनं फाटकाचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला.

“साहेब, ही गाडी माझी सून खाली करणार हाय. आधी तुम्ही हात लावा, मंग मी दांडा उचलतो.”

साहेबांनी हात लावला नाही. त्यांनी फोन लावला. गाडी लांब मोकळ्या जागेत उभी केली, दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली आणि लांब चिमट्यानं अंगठ्याएवढा तुकडा उचलून किरणं अडवणाऱ्या शिशाच्या डब्यात घेऊन गेली. चकती आता लांबच्या कपाटात आहे. मी खुंटीवरच आहे, आणि माझं ऐकतात. दोरा मात्र अजून कुणी कापला नाही.

माझ्यावर संशय घ्या, मी त्याला नाही म्हणत नाही. पण संशय आला म्हणून माझ्या तोंडात बोळा घालू नका. मला उचला, चार पावलं लांब न्या, पुन्हा ऐका.

कल्याण जाताना सहज बोलून गेला होता की मागच्या आठवड्यात इथं आणलेला मालही त्याच ढिगातला होता. त्या गाडीतलं भंगार बेबीनंदानं हातानं निवडलं होतं.

आज दुपारी ती चौकीत आली. आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मामा, मागच्या गाडीतबी व्हतं का असं काही?”

 तपासणीला दवाखान्यात नेणार हायेत, एवढंच पुंजाराम बोलला. तिनं माझी नळी घेतली. तळहातांवर धरली, पदरावर फिरवली, मग पोटाशी आणून थांबली. मी सावकाश टिकटिकलो, जितकं मोकळ्या हवेत टिकटिकतो तितकंच. तिच्या अंगावर आत्ता काही नव्हतं. पण त्या दिवशी ढिगात काय होतं आणि ते तिच्या किती जवळ होतं, ते मला सांगता येत नाही. गेलेलं मला मोजता येत नाही. त्या दिवशी माझ्या कानात चकती बोलत होती आणि तोंडात कापूस होता.

तिनं माझा काटा पाहिला. मग तिनं नळी खुंटीला नीट अडकवली, पदर पोटावरून ओढून घेतला आणि ती निघून गेली.