पहिलवानाचा शोक

आई गेल्यावर घरात सगळ्यांत जास्त दुःख कुणाला झालं असेल, तर ते कुत्र्याला, यावर तिसऱ्या दिवसापर्यंत नातेवाइकांचं एकमत झालं होतं. इतर कुठल्याही बाबतीत त्यांचं एकमत झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

कुत्रा तसा नावालाच कुत्रा. वजन साडेतीन किलो, पाय आगपेटीतल्या काड्यांसारखे, डोळे मात्र थेट मोठ्या माणसाचे. नाव पहिलवान. हे नाव आईने ठेवलं होतं आणि त्यात काही विनोद आहे हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

तर हा पहिलवान बैठकीच्या खोलीत, जिथे आईचा फोटो मांडला होता त्याच भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. मधेच तंद्रीत असल्यासारखा गोल गोल फिरायचा, तोंडातून लाळ गळायची, हाक मारली तर वळून बघायचा नाही. मग पुन्हा येऊन भिंतीला डोकं लावायचा.

"बघा, बघा," मावशी आल्यागेल्याला दाखवत होती. "मुकं जनावर, पण ताईसाठी जीव कसा तुटतोय त्याचा!"

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बहिणीच्या आजारपणात ती दोनदाच येऊन गेली होती, त्यामुळे आता तिला बरंच काही भरून काढायचं होतं. तिने पहिलवानाचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्यावर इतकी रडकी तोंडं आली, की मावशीला चष्मा पुसून पुसून वाचावं लागलं. रविवारी जाताना कुत्रा आपल्याबरोबर न्यायचा, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. "ताईची शेवटची खूण आहे. माझ्याकडे सुखात राहील. माझ्या घरात कुणी उपाशी राहिलेलं नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मावशीच्या घरातला प्रत्येक माणूस याची साक्ष बेंबीपासून देत असे.

लेकीने यावर मान हलवली होती. खरं म्हणजे तिला हायसं वाटलं होतं. तिची भाड्याची दोन खोल्यांची जागा, नऊ तासांची नोकरी. त्यात कुत्रा कुठे बसणार? आणि आत्ता तर तिला चहाचंच काम पुरेसं होतं. माणसं येत होती, बसत होती, उसासे टाकत होती, आणि ती चहा करत होती. ती रडली नव्हती. लोकांच्या हे लक्षात आलं होतं.

"एकेकाचा स्वभाव असतो," थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या. वाक्य साधंच होतं. बोलताना त्यांनी आधी लेकीकडे बघितलं आणि मग कुत्र्याकडे.

लेकीला वहिनींचा राग आला नाही. तिला कुत्र्याचा हेवा वाटला. निदान त्याला एक भिंत तरी सापडली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपबशा विसळायला उभी राहिली. नळ सुरू केला, आणि नळाच्या आवाजात तिला आईचा आवाज आला. भुताखेताचा प्रकार नव्हे. दोन वर्षं दर रविवारी आईचा फोन यायचा आणि लेक तो ओट्यावर ठेवून, आवाज मोठा करून भांडी घासायची. आई तिकडून कुत्र्याच्या यकृताविषयी बोलायची. शी घट्ट झाली का पातळ, भात किती खाल्ला, डॉक्टरी डब्यातलं अन्न कसं महाग झालंय, गोड औषध पिचकारीतून देताना तो कशी जीभ बाहेर काढतो. लेक मधूनमधून "हं" म्हणायची. चांगली घसघशीत हं. त्यात कुठेतरी आई म्हणाली होती, "आज चक्क भिंतीला डोकं लावून उभा राहिला गं. मी म्हटलं, काय चोरून खाल्लंस रे मेल्या?"

लेकीने नळ बंद केला. ओल्या हातांनीच बाहेर आली.

"याला कुणी काय खायला घातलं?"

 फोटोसमोर बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"कुणी काही नाही बाई," मावशी म्हणाली.

"आणि त्याची औषधं? कोण देतंय?"

"त्याची कसली औषधं?" दादाने विचारलं. दादा तिचा थोरला भाऊ. तो आईच्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचा आणि ते अंतर त्याने कायम काटेकोरपणे राखलं होतं.

औषधं सापडली ती वहिनींनी टाकून द्यायच्या सामानाची पिशवी भरली होती, तिच्यात. आठवड्याच्या गोळ्यांची सात वार लिहिलेली प्लॅस्टिकची डबी. दोन ओळी. वरच्या ओळीत आई, खालच्या ओळीत पहिलवान. आईने दोघांचा संसार एकाच डबीत मांडला होता. मंगळवारपर्यंतचे कप्पे रिकामे. बुधवारपासून दोन्ही ओळी भरलेल्या.

"मला काय माहीत!" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं सगळ्या सासूबाईंच्याच."

कुत्र्याला टॉवेलात गुंडाळून दादाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मावशी सोबत आलीच; शोक करणाऱ्याला ती एकटं सोडणार नव्हती.

प्राण्यांच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक आणि तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिलवानाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "मांस कुणी दिलं?"

"मांस असं नाही," दादा म्हणाला. "आईनेच सुतक पाळू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून माझ्या ताटातला एक तुकडा. एवढासा. तो बघत होता हो."

"बरं. अजून?"

"आमच्या हिने अंडं दिलं असेल. उकडलेलं. अर्धंच."

"अजून?"

मावशीने पदर सावरला. "मी आपलं चीज... रोज दोन तुकडे. आणि काल जरा कोंबडीचं सूप. तो काही खातच नव्हता, उदास बसला होता. म्हटलं, ताकद येईल."

"साडेतीन किलोचं कुत्रं आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मापात सांगायचं तर तीन दिवसांत तुम्ही याला आख्खी बकरी चारलीत. मांस पचताना जे विष तयार होतं ते यकृताने गाळायचं असतं. याचं यकृत गाळत नाही. विष रक्तातून मेंदूत जातं. गोड औषध ते पोटातूनच बाहेर काढतं, आणि तेच तुम्ही बंद केलंत."

"पण तो शोक करत होता हो!" मावशी कळवळून म्हणाली. "फोटोसमोर! सगळ्यांनी पाहिलंय!"

"शोक नाही. कोंबडी आहे ती."

दादा खोकला. मावशीने फोन काढून व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला.

डॉक्टरांनी सलाईन लावता लावता लेकीकडे बघितलं. "तुमच्या आई अशा वेळी पंधरा मिनिटांत फोन करायच्या. किती वेळ झाला हे सुरू होऊन?"

"परवापासून."

"परवापासून," डॉक्टर म्हणाल्या. त्या आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "आज राहू दे इथे. एनिमा देते. सकाळपर्यंत शुद्धीवर आला तर आला."

बाहेर आल्यावर मावशी आणि दादा गाडीत बसले. लेक म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." ती दवाखान्याच्या बाकावर बसली. शेजारी एक बाई पिंजऱ्यातलं मांजर घेऊन बसली होती. संध्याकाळी दवाखाना बंद होईपर्यंत लेक तिथेच होती. मांजराच्या बाईने नंतर कुणाला विचारलं म्हणे, की त्या मुलीचं कोण गेलं. झाडूवाल्याने सांगितलं, "कुणी नाही. कुत्रं आत आहे, जिवंत आहे."

सकाळी पहिलवान शुद्धीवर आला. नुसता आला नाही, तर घरी पोचल्याबरोबर त्याने मावशीच्या बॅगेवर भुंकून घेतलं, सोफ्याखालचा मोजा शोधून काढला आणि फोटोच्या भिंतीला पाठ करून पोट वर टाकून लोळला. व्हिडिओ पाहून मुद्दाम भेटायला आलेल्या दोन चुलत वहिनी अवघडून उभ्या राहिल्या. त्यांनी येताना रुमाल आणले होते.

"चार दिवसांत विसरला!" मावशी म्हणाली. तिला तो सरळसरळ विश्वासघात वाटला. थोड्याच वेळात गोड औषधाने आपलं काम केलं, तेही मावशीच्या चपलेशेजारी, आणि तिचं मन आणखी उतरलं. तरी शब्दाला जागायचं म्हणून म्हणाली, "असू दे. रविवारी नेते मी त्याला."

"मावशी, पहिलवान माझ्याकडे राहील."

"तुझ्याकडे? अगं, तुला स्वतःला वेळेवर जेवायला जमत नाही! दिवसातून चार वेळा त्याला कोण घालणार?"

"जमवीन."

"आणि पुन्हा भिंतीला डोकं लावून बसला तर?"

"तर तुला फोन करून विचारीन, तू येऊन गेलीस का."

मावशी त्यानंतर चहाही न घेता उठली. वहिनी म्हणाल्या, "एकेकाचा स्वभाव असतो."

आता लेक सकाळी भात, गाजर आणि डॉक्टरी डब्यातलं अन्न मोजून चार वाट्या भरते. कामाला जायच्या आधी एक, दुपारची रिक्षाने येऊन, आल्यावर एक, झोपायच्या आधी एक. दीड मिली औषध, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा देताना तिने बोटावर घेऊन चाखून पाहिलं. आई चाखायची असं अंधुक आठवत होतं. भयंकर गोड. डबीची खालची ओळ ती रविवारी भरते. वरची रिकामी आहे.

परवाच्या रविवारी दादाचा फोन आला. "काय म्हणतो पहिलवान?" त्याने सहज विचारलं.

लेक सांगू लागली. कालपासून शी थोडी घट्ट होती, म्हणून औषध वाढवू का असं डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या आधी पाणी किती पितो ते बघा. मग तिने वाटीला खूण केली. आणि गाजराऐवजी बटाटा दिला तर तो नाक मुरडतो, पण भाताखाली लपवला की खातो, अगदी लबाड आहे...

"हं," दादा म्हणाला. "हं."

तिकडे पाण्याचा आवाज येत होता. भांड्यावर भांडं आपटलं.

लेकीला तो आवाज ओळखीचा होता. मग पाणी वाहत होतं तोवर तिने त्याला सगळं सांगितलं. बटाटा किती शिजवायचा तेसुद्धा.